दुसऱ्या शाखेचे दोन क्रेडिट

कॉम्प्युटर सायन्सच्या पदवीला काय काय लागतं, हे मला कॉम्प्युटर नीट बंदही करता येत नव्हता तेव्हापासून पाठ आहे. रत्नागिरीतल्या एका कॉलेजच्या ऑफिसात मी एकतीस वर्षं नोकरी केली. त्यातली बरीचशी वर्षं विद्यार्थी विभागाच्या खिडकीत गेली. मुलं समोर मला 'भाटकर मॅडम' म्हणत आणि पाठीमागे 'फायरवॉल'. त्याचा अर्थ मी कॉम्प्युटरच्याच एका मुलाला विचारला. तो घाबरत म्हणाला, "मॅडम, म्हणजे कोणालाही सहज आत सोडत नाही ती." मी म्हटलं, बरोबर नाव ठेवलंय मेल्यांनी.

माझं काम सांगायला सोपं आहे. मुलगा तीन वर्षं शिकला, परीक्षा दिल्या, पास झाला. तेवढ्यानं पदवी मिळत नाही. पदवीसाठी जे जे म्हणून शिकायला सांगितलंय, ते सगळं शिकलाय की नाही हे कोणीतरी एकेका ओळीवर बोट ठेवून तपासावं लागतं. ते बोट माझं. नवीन धोरण आल्यापासून सगळं क्रेडिटमध्ये मोजतात. पंधरा तास वर्गात बसलात आणि परीक्षेत पास झालात की एक क्रेडिट. तीन वर्षांत एकशे बत्तीस. पण नुसते एकशे बत्तीस भरून भागत नाही, ते ठरलेल्या खणांत पडावे लागतात. मुख्य विषयाचे एवढे, जोडविषयाचे एवढे, भाषेचे एवढे, कुठेतरी प्रत्यक्ष काम केल्याचे एवढे, आणि थोडे दुसऱ्या शाखेचे. म्हणजे विज्ञानाच्या मुलानं कला किंवा वाणिज्यचा एखादा विषय शिकायचा आणि कलेच्या मुलानं विज्ञानाचा.

हे पालकांना समजावताना माझा घसा बसायचा. एकदा बोटीवरून रिटायर झालेले एक गृहस्थ मुलाला घेऊन आले आणि खिडकीवर हात आपटून म्हणाले, "पोरगा कॉम्प्युटर शिकायला घातलाय मी. ह्याला मराठी कशाला? पर्यावरण कशाला? गणित तरी कशाला, मशीन करतं ना गणित!" मी सुरू केलं, एक क्रेडिट म्हणजे पंधरा तास वगैरे. त्यांनी पाच मिनिटं ऐकून घेतलं आणि ते स्वतःच मुलाकडे वळले. "असं आहे होय! अरे, आमच्याकडे पण हेच. नुसती वर्षं काढून वरचा हुद्दा मिळत नाही. इंजिनात एवढे महिने, आग विझवायचं शिक्षण वेगळं, पोहून दाखवायचं वेगळं. आग कधी लागली नाही माझ्या बोटीला आयुष्यात, पण शिकलो. चल, भर फॉर्म." पुढच्या वर्षी प्रवेशाच्या वेळी मी त्यांना बोलावून बाकावर बसवणार होते, इतर पालकांना समजावायला.

प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाचे दाखले हा तर वेगळाच प्रकार. आमच्याकडे सॉफ्टवेअर कंपन्या किती, तर बोटांवर मोजण्याइतक्या. मग मुलं मिळेल तिथे जातात. एका मुलानं मामाच्या आंब्याच्या कारखान्यात अनुभव घेतला आणि मामाचा दाखला आणला. मामा प्रामाणिक माणूस. त्यांनी लिहिलं होतं, 'सदर मुलगा महिनाभर मन लावून पेट्या भरत होता, त्याने एकही आंबा फोडला नाही.' मी दाखला परत केला. म्हटलं, "पेट्या भरल्यास ते चांगलंच केलंस, पण कॉम्प्युटरचं काय केलंस?" तो ओशाळला. परत गेला आणि पेटीवरची लेबलं छापायचा प्रोग्रॅम करून आला. मामा अजून तोच वापरतात म्हणे.

तर अशी मी. दुसऱ्याच्या कागदावरची चूक मला लांबून दिसायची. त्याचा मला गर्व होता, खोटं कशाला सांगू?

माझ्या स्वतःच्या चुकीची गोष्ट आता सांगते.

कोकणात कुठलंही काम 'गणपतीआधी' संपवायचं असतं. घराला रंग गणपतीआधी, गाडीची दुरुस्ती गणपतीआधी, आणि आमच्या ऑफिसात दुसऱ्या वर्षाचे विषय-निवडीचे फॉर्मही गणपतीआधी. एकदा सुट्टी लागली की अर्धं कॉलेज गावी आणि अर्धं ऑफिस मखराच्या तयारीत. त्या वर्षी सुट्टीच्या आदल्या दुपारी माझ्याकडे सात मुलं उरली होती. त्यांनी दुसऱ्या शाखेचा विषय म्हणून 'पर्यटन' निवडलेलं आणि तो वर्ग भरलेला. यादी संध्याकाळपर्यंत बंद करायची होती. माझ्याही घरी गणपती. पूजेचं सामान आणायचं होतं, जाऊबाई मुंबईहून येऊन हायवेवर हातखंब्याला उतरल्या होत्या आणि दर दहा मिनिटांनी फोन करत होत्या, रिक्षावाला किती मागतोय ते सांगायला. मी पाहिलं, 'आहार आणि आरोग्य' ह्या वर्गात जागा आहेत. सातही नावं उचलली, तिकडे टाकली, यादी बंद केली आणि निघाले.

सातातले सहा जण वाणिज्यचे होते. त्यांना तो विषय चालत होता, कारण तो शिकवायचा आमचा वनस्पतिशास्त्राचा विभाग. सातवी रुचिता गोताड होती, कॉम्प्युटर सायन्सची. विज्ञानाच्या मुलीला विज्ञानाचाच विषय दुसऱ्या शाखेचा म्हणून दिला मी! कॉम्प्युटरनं हूं की चूं केलं नाही. त्याला फक्त बेरीज कळत होती, आणि बेरीज बरोबर होती.

गणपती झाल्यावर मुलं आली. आमच्याकडे छापील कागदावर त्यांची सही घ्यायची पद्धत होती, 'वरील विषय मी वाचून निवडले आहेत' असं खाली लिहिलेलं. रुचिता म्हणाली, "मॅडम, मी तर पर्यटन भरलं होतं." मी मान वर न करता म्हटलं, "तो वर्ग भरला. हे पण चांगलं आहे. इथे सही कर." तिनं केली. विषय मन लावून शिकली आणि चांगल्या गुणांनी पासही झाली.

हे उघडकीला आलं ते थेट शेवटच्या परीक्षेनंतर, मे महिन्याच्या सुरुवातीला. पदवीला पात्र मुलांची यादी मी तपासत होते. रुचिताच्या ओळीवर बोट आलं आणि तिथेच थांबलं. एकशे बत्तीस पूर्ण, पण दुसऱ्या शाखेच्या खणात दोन कमी. मी तीनदा मोजलं. आणि रुचिताला पुण्यातल्या एका कंपनीत नोकरी लागली होती हे मला ठाऊक होतं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात रुजू व्हायचं आणि त्याआधी, जूनअखेरपर्यंत, पदवीला पात्र असल्याचा कागद दाखवायचा. कागद नाही तर नोकरी नाही. आमच्या नेहमीच्या रीतीनं तिला तो विषय घ्यायला पुढचं सत्र उजाडलं असतं, आणि कागद हातात यायला दिवाळी उलटली असती.

मी फाइल घेऊन प्राचार्यांकडे गेले. त्यांनी सही पाहिली. म्हणाले, "भाटकर बाई, सही तर तिची आहे. 'वाचून निवडले' असं लिहिलंय. मग ऑफिसचा प्रश्न मिटला." माणूस वाईट नव्हता. मला निवृत्तीला दोनच महिने राहिले होते, मला वाचवतच होते ते. आणि मी खोटं सांगणार नाही, एक क्षण मलाही हायसं वाटलं. कागदावर माझं नाव कुठेच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रुचिताला बोलावलं. ती आईला घेऊन आली. हातखंब्याच्या पुढे आत त्यांचं गाव. वडील मुंबईला एका सोसायटीत वॉचमन, आई भातशेती आणि काजूची चार झाडं सांभाळून असते. मी क्रेडिट, शाखा सगळं सांगितलं. रुचिताचा चेहरा उतरत गेला. आई शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "बाई, मला अडान्याला एक सांगा. तीन वरसा ही सकाळच्या सहाच्या एस्टीनं येतेय. एक पेपर कधी चुकवलान नाय. मग हिनं काय चुकीचा केलान?"

सहीचा कागद टेबलावरच होता. मी तो तिच्या पुढे सरकवला असता की संपलं असतं. पण तोंडातून दुसरंच आलं. म्हटलं, "तिनं काही नाही केलं. मी चुकले."

बाईनं माझ्याकडे पाहिलं. "मग तुमी निस्तरा," म्हणाली. ना आरडाओरडा, ना शिवी. रुचिता मात्र रडायला लागली आणि रडता रडता माझ्यावर चिडली. "मी तेव्हा सांगितलं होतं मॅडम तुम्हाला! सांगितलं होतं ना?" सांगितलं होतं. मला खूप लाज वाटली.

नियमांचं पुस्तक मी एकतीस वर्षं दुसऱ्यांना दाखवलं, त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःसाठी उघडलं. त्यात वाट होती. विद्यार्थ्याची चूक असेल तर पुढच्या सत्रापर्यंत थांबायचं. पण ऑफिसची चूक असेल आणि कॉलेजनं ती लेखी मान्य केली, तर विद्यापीठाच्या परवानगीनं सुट्टीत खास वर्ग घेता येतो, परीक्षाही घेता येते. म्हणजे सगळं एका पत्रावर अडलं होतं. प्राचार्य म्हणाले, "'तांत्रिक कारणामुळे' असं लिहू या." मी म्हटलं, "सर, मग ते विचारणार कुठलं तंत्र, कोणी बिघडवलं, आणि त्या चौकशीतच जून संपेल. सरळ लिहू या." आणि मीच मसुदा केला. 'सदर विद्यार्थिनीच्या विषयात तिच्या संमतीविना बदल माझ्याकडून झाला. तिची सही मी नंतर घेतली.' खाली माझं नाव. प्राचार्य बराच वेळ वाचत बसले. "बाई, हे तुमच्या सेवापुस्तकात जाईल," म्हणाले. म्हटलं, "जाऊ दे. तिथे जागा पुष्कळ रिकामी आहे."

परवानगी आठवड्यात आली, पण शेपूट लावूनच. वर्ग तीस तासांचा हवा आणि निदान दहा विद्यार्थी हवेत.

मे महिन्यात रत्नागिरीत दहा विद्यार्थी! आंब्याचा शेवटचा तोडा, लग्नं, पाहुणे. इतिहासाचे सर मात्र एका शब्दावर तयार झाले. 'आपल्या गावाचा इतिहास' हा त्यांचा कला शाखेचा विषय, कोणी घेत नाही म्हणून दोन वर्षं बंद पडलेला. म्हणाले, "दहा आणा, मी शिकवतो." पुढच्या वर्षीचे क्रेडिट आत्ताच उरकायचे असतील तर या, असं सांगत मी फोन लावत सुटले. ज्यांना वर्षभर खिडकीतून हाकललं, त्यांना आता बाळा, राजा करत होते. एक मुलगा तर म्हणाला, "मॅडम, नक्की तुम्हीच बोलताय ना?" त्या मामाच्या कारखान्यातल्या मुलाचा धाकटा भाऊ आला. कोणी मैत्रिणीला घेऊन आलं. असे करत करत रुचितासकट नऊ झाले. नऊवर गाडी जी थांबली ती हलेना. वर्ग सोमवारी सुरू व्हायचा आणि शनिवारी दुपारी माझ्याकडे नऊच नावं.

पुन्हा पुस्तक उघडलं. एका ओळीत लिहिलं होतं, कॉलेजच्या कर्मचाऱ्यांनाही अशा वर्गाला बसता येईल. बत्तीस वर्षांपूर्वी बी.कॉम. झाल्यावर मी परीक्षेचं तोंड पाहिलं नव्हतं. दहाव्या ओळीवर मी माझं नाव लिहिलं.

सोमवारी शेवटच्या बाकावर जाऊन बसले तर मुलांत खसखस. मधल्या सुट्टीत कोणीतरी म्हणालं, "फायरवॉल आत आली रे!" मी म्हटलं, "ऐकलंय मी. हजेरी अजून माझ्याच हातात आहे." मग सगळेच हसले. रुचिता नाही हसली. ती माझ्याशी बोलतच नव्हती. बरोबरच होतं तिचं.

सरांनी प्रत्येकाला आपापल्या गावातली एक रीत शोधायला सांगितली, ती तशी का पडली ते म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहायचं. रुचितानं शिमग्याच्या पालखीची वाट घेतली. त्यांच्या गावात देवळातून निघालेली पालखी शेजारची वाडी सोडून आधी लांबच्या वाडीला जाते आणि मग वळसा घालून परत येते. का, तर रीत आहे. ह्यापुढे कोणी काही सांगत नव्हतं. वर्गात ती फळ्यावर घरं आणि वाटा काढायला लागली. मग म्हणाली, हे तर आम्ही कॉम्प्युटरला शिकलोय, सगळ्या ठिकाणी जाऊन यायची कमीत कमी चालीची वाट. लॅपटॉपवर तिनं घरांची अंतरं भरली. उत्तर आलं, आधी जवळची वाडी. रीत चुकीची निघाली. ती खट्टू होऊन बसली.

दोन दिवसांनी धावतच वर्गात आली. गावातल्या एका नव्वदीच्या आजोबांनी तिला विचारलं होतं, "बाय, तू साकव धरलास काय गो मोजताना?" साकव म्हणजे ओढ्यावरचा लहान पूल, इथला देऊळ आणि शेजारच्या वाडीच्या मधला. त्या आजोबांच्या लहानपणी तो नव्हताच. पालखी खांद्यावर घेऊन ओढ्यात उतरायचं नाही, म्हणून वरच्या अंगानं लांबच्या वाडीवरून यावं लागायचं. रुचितानं घरी जाऊन साकव काढून टाकला, कॉम्प्युटरमधला, आणि पुन्हा चालवलं. वाट जशीच्या तशी जुळली, घर न घर! साकव बांधला गेला, पण पालखीनं वाट बदलली नाही. सांगताना तिचा चेहरा असा फुलला होता की सर खडू हातात धरून नुसते बघत राहिले. आणि मग, दहा दिवसांत पहिल्यांदा, ती मागे वळून माझ्याशी बोलली. "मॅडम, बघितलंत?"

बघितलं. आणि मला माझ्याच तोंडची इतक्या वर्षांची बडबड आठवली. "ते फुटकळ विषय आहेत, पास होण्यापुरतं कर," असं मी किती मुलांना सांगितलं असेल! आग विझवायला शिकलेल्या त्या बोटीवरच्या गृहस्थांना जे दिसलं होतं, ते मला खिडकीत बसून कधी दिसलं नव्हतं. त्याचं वाईट वाटतं, अजूनही वाटतं.

परीक्षेच्या आधी रुचितानंच माझी तयारी करून घेतली. "मॅडम, तुम्ही उत्तर लिहीत नाही, परिपत्रक लिहिता," म्हणायची. तीन तास लिहून माझा अंगठा आखडला.

जूनच्या मध्यावर निकाल लागला. मायलेकी दोघी आल्या होत्या, पावसात भिजत. मी रुचिताचं पान उघडलं. दुसऱ्या शाखेचा खण भरलेला, आणि खाली एक शब्द, 'पात्र'. कागद छापून, शिक्का मारून, प्राचार्यांची सही घेऊन मी तिच्या हातात दिला. रुचितानं तो आधी आईला दिला. आईनं दोन्ही हातांनी धरला, वाचता येत नव्हता, तरी लांबून बघत राहिली. मग म्हणाली, "आनि तुमचा काय झाला, बाई? पास की नाय?"

"झाले," मी म्हटलं. "काठावर."

"झालात ना! मग झाला तर," असं म्हणून ती इतकी मनापासून हसली की मला रडू आलं. लपवलं नाही मी.

तेवढ्यात शिपाई एक लिफाफा घेऊन आला. मला ठाऊक होतं त्यात काय आहे ते. 'आपल्या निष्काळजीपणामुळे विद्यार्थिनीच्या नुकसानीचा प्रसंग ओढवला, याची नोंद घेण्यात येत आहे.' एकतीस वर्षांतला माझा पहिला आणि शेवटचा मेमो. रुचितानं वाचला. तिचा चेहरा पुन्हा पडला. आईनं विचारलं, "ह्यो कागूद कसला?"

"माझी चूक झाली त्याचा," मी म्हटलं. "ती लिहून दिली म्हणून हिचा कागद मिळाला."

मुलीच्या कागदासाठी आईनं घरून प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या आणल्या होत्या, एकीत एक घालायला. एका पिशवीत तिनं रुचिताचा कागद ठेवून गाठ मारली. मग माझा मेमो घेतला, तितक्याच काळजीनं त्याची घडी केली, दुसऱ्या पिशवीत तो घातला आणि गाठ मारून माझ्याकडे दिला.

"नीट न्या घरी," म्हणाली. "पावसाचा काय भरवसा नाय."